बाबांच्या रायफलीची दुर्बीण

कोर्पिवारा,
१३ जून १९९४

चि. आर्वो,

अ. उ. आ. त्यातले निम्मे आत्ता घे. उरलेले निम्मे हे पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर.

शनिवारी बाबा नेमबाजीच्या परीक्षेला गेले होते. ताम्पेऱ्यात राहून तू विसरला असशील म्हणून लिहिते: ही परीक्षा दर तीन वर्षांनी द्यावीच लागते. चार गोळ्या, चारही ताटलीएवढ्या वर्तुळात. नाही बसल्या तर सप्टेंबरात मूस हरणाच्या शिकारीला रायफल घेऊन जाता येत नाही. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी परत आले ते थेट सौनात जाऊन बसले. सौना पेटवलेला नव्हता. बराच वेळ त्या थंड फळीवर काय करत होते देव जाणे.

काय झालं ते तेउवोनं सांगितलं. तो शिकारीच्या टोळीचा म्होरक्या, त्यामुळे वाईट बातम्या घरपोच करणं हे तो आपलं कर्तव्य समजतो. दोन गोळ्या वर्तुळात, एक कडेला, आणि चौथी म्हणे कागदाला लागलीच नाही. सरहद्द जवळ आहे, एव्हाना रशियात पोचली असेल, असं म्हणून माझ्याच टेबलाशी बसून, माझाच वेलदोड्याचा पाव खात तो हसला. मी दुसरा पाव दिला नाही.

ऑगस्टअखेर आणखी एक संधी आहे. ती हुकली तर हाउकिसुओ दलदलीच्या कडेचा, बाबांचा दबा धरून बसायचा ठिय्या तेउवोच्या जावयाला जाणार. हा जावई कायानीत स्वयंपाकघराची कपाटं विकतो आणि जंगलात अत्तर लावून येतो. आई गेल्यापासून बाबांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. मधले महिने ते माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत कसेबसे काढतात. ठिय्याच गेला तर ते कशाची वाट बघत उठतील, हे मला लिहवत नाही.

नळीच्या टोकाचा खुंटा आणि मागची खाच त्यांना एका वेळी स्वच्छ दिसत नाही, एवढं मलाही कळतं. टोळीतल्या सगळ्यांनी कधीच दुर्बिणी लावल्या. बाबांचं म्हणणं, काचेतूनच बघायचं तर घरी टीव्ही आहे. तू मापयंत्रांच्या कारखान्यात आहेस. काहीतरी कर.

लोभ आहे तसाच राहू दे, फक्त उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
काइसू

•

ताम्पेरे,
२७ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग, पण आमच्या फ्लॅटच्या लांबीत बसेल तेवढाच.

दुर्बीण मिळाली. कारखान्यातल्या एका निवृत्त गृहस्थानं शिकार सोडून मासेमारी धरली, त्याची. काच उत्तम आहे. पण ताई, दुर्बीण म्हणजे टोपी नव्हे की कुणाच्याही डोक्यावर ठेवली आणि बसली. रायफलीच्या पाठीवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन बैठका स्क्रूनं घट्ट करायच्या, त्यांवर दोन कड्या, आणि कड्यांत दुर्बीण. या सगळ्या जोडणीला माउंट म्हणतात. अडचण तिथेच आहे. बाबांची रायफल लढाईनंतर उरलेल्या जर्मन रायफलीवरून एका लोहारानं घडवलेली. पाठीवरची भोकं त्यानं कुठल्या मापानं पाडली आणि मागचा भाग कानशीनं किती खाल्ला, ते तोच जाणे, आणि तो आता नाही. दोन्ही बैठका सारख्या उंचीच्या घेतल्या आणि पाठ सारखी नसली, तर दुर्बीण एकतर शेवाळ बघेल नाहीतर ढग. कड्या बुटक्या घेतल्या तर काडतूस भरायला बोल्ट उघडताना त्याचा दांडा दुर्बिणीवर आपटेल. उंच घेतल्या तर गाल लाकडी दस्त्यावर टेकणारच नाही, हनुवटी टेकावी लागेल.

म्हणून मला मापं हवीत. भोकांमधली अंतरं, पाठीची उंची पुढे किती आणि मागे किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाबांनी गाल टेकवला की त्यांचा डोळा रायफलीच्या कुठल्या जागी येतो. दुर्बीण त्या डोळ्यासाठी बसवायची असते. त्यांना कळू न देता हे कसं करशील ते तू बघ. शिवणाची टेप मात्र वापरू नकोस, हात जोडतो.

बाबांना नमस्कार सांगू नकोस, नाहीतर कशाबद्दल ते विचारतील.

तुझा,
आर्वो

•

कोर्पिवारा,
४ जुलै

चि. आर्वो,

अ. उ. आ., आणि मापं सोबत जोडली आहेत. शिवणाची टेपच वापरली. दुसरी पट्टी बाबांच्या खिशात असते आणि खिसा बाबांवर असतो.

रायफल हाताळल्याबद्दल मला व्याख्यान देऊ नकोस. बाबा हिवाळ्यात इस्पितळात होते ना, तेव्हा घरातल्या हत्याराला दुसरं नाव हवं असं त्यांच्या मनानं घेतलं आणि परत आल्या आल्या मला पोलिसात नेऊन परवान्यावर माझं नाव चढवून घेतलं. शिकारीचं कार्ड तर पेनी कुत्रीची दोरी धरते म्हणून माझ्याकडे आहेच. कुत्र्यामागून जंगल तुडवायला आणि टोळीचं सूप ढवळायला सरकार मला योग्य समजतं.

तर मी रायफल टेबलावर आडवी घालून भोकं मोजत होते आणि मागे बाबा. म्हटलं, आता छप्पर उडणार. त्यांनी फक्त विचारलं की आर्वोनं सांगितलंय का. मी हो म्हटलं. म्हणाले, भोकं काठापासून काठापर्यंत मोजत नाहीत, मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, आणि जा, बटाटे उतू चाललेत. बस्स! मी बटाट्यांकडे गेले खरी, पण त्यांच्या कपाळाला हात लावून बघावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्याहून नवल. त्यांनी मला रायफल देऊन खिडकीशी उभं केलं. डोळ्याचं माप घ्यायचं तर धरणारा एक आणि मोजणारा दुसरा लागतो म्हणे. मी म्हटलं, मग तुम्ही धरा, मी मोजते. त्यावर म्हणाले, तू कशी मोजतेस ते काल पाहिलं. झालं! मी दस्ता खांद्याला, गाल लाकडाला लावून समोरच्या संडासाच्या दारावर नेम धरून उभी, आणि बाबा पट्टी घेऊन माझ्या नाकाभोवती फिरतायत. मान ताणू नकोस, श्वास सोड, खाली घे, पुन्हा लाव. हात गळून आले. एवढ्यात पोस्टमन अंगणात आला, माझ्याकडे पाहिलं आणि आला तसाच मागे गेला. तेव्हापासून पेपर फाटकावरच मिळतो.

एकूण म्हातारा दुर्बिणीला तयार आहे. याचा अर्थ तो ठिय्या त्यांना किती हवाय ते समजून घे आणि चुकू नकोस. ते तुला स्वतः लिहिणार आहेत, म्हणजे तीन ओळी येतील. जपून ठेव.

लोभ वाढव किंवा राहू दे, माउंट मात्र नीट निवड.

ताई

•

कोर्पिवारा,
५ जुलै

चि. आर्वो यास नेस्तोरीचे आशीर्वाद.

तुझ्या बहिणीची मापं फाडून टाक. माझी मागच्या पानावर आहेत.

कड्या सगळ्यात बुटक्या पाठव. दांडा अडेल हे मला कळतं. दांडा वाकवून घेईन. दुर्बीण जितकी मागे येईल तितकी मागे आली पाहिजे, त्या हिशेबानं मागची बैठक निवड. डोळ्याचं माप शेवटी लिहिलं आहे. नीट घेतलेलं आहे. त्यावर शंका काढू नकोस.

डास आहेत. बटाटे चांगले आले. काइसू चांगला स्वयंपाक करते, हे तिला कळवायची गरज नाही.

नेस्तोरी

•

ताम्पेरे,
१३ जुलै

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. शंका काढू नकोस असं लिहिलंत, म्हणून या शंका नाहीत, काळज्या आहेत.

भोकांची तुमची मापं चोख आहेत. पण डोळ्याचं माप पुन्हा बघा. तुमचा चेहरा लांब आणि मान त्याहून लांब. तुम्ही नेम धरता तेव्हा नाक बोल्टपाशी जाऊन पोचतं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तुमच्यासाठी दुर्बीण पुढे सरकवायला हवी आणि कड्या मध्यम उंचीच्या हव्यात. तुम्ही लिहिलंय तशी बसवली तर तुम्हाला चित्राऐवजी काळी कोर दिसेल आणि पहिल्याच धक्क्याला दुर्बिणीची कड भुवई फोडील. ताईला उभं करून माप घेतलंत असं तिनं कळवलं. ती तुमच्या खांद्याला लागते. तिच्या मापात तुमची मान धरायची राहून गेली असणार.

आणि दांडा वाकवणार? मी सहा वर्षांचा असताना त्या दांड्याला हातमोजा अडकवला होता, तर तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात. मध्यम कड्या घेतल्या तर त्याला हात लावायची गरज नाही. पाठवू का?

तुमचा,
आर्वो

•

कोर्पिवारा,
२० जुलै

चि. आर्वो, आशीर्वाद मागचेच.

मी माउंट मागितले. मत मागितलं नाही. माझी भुवई फुटणार नाही. लिहिलंय तसेच पाठव.

तुझी आई म्हणायची की तुला हात माझे मिळाले आणि जीभ तिची. हात वापर.

दलदलीत पिवळ्या बेऱ्या यंदा पुष्कळ आहेत. काइसू रोज बादली भरून आणते. पाय कुठे टाकायचा ते न बघता चालते ती दलदलीत. मी कडेला बसून असतो.

नेस्तोरी

•

कोर्पिवारा,
१५ ऑगस्ट

आर्वो,

आशीर्वाद आज नाहीत. संपले.

तुझं पार्सल आलं. बैठका पाठीवर अशा बसल्या की जणू तिथेच उगवल्या. बाबांनी कायानीला जाऊन दांडा वाकवून आणला. मी मनात तुझं कौतुक करत होते, आता ते परत घेते. काल आम्ही दोघं खडीच्या खाणीत गेलो. बाबांनी रायफल लावली, डोळा नेला आणि तसेच राहिले. मग खाली घेतली आणि म्हणाले, यात काळं आहे. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मान मागे घेऊन, वाकडी करून, सगळं झालं. त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा एवढं अवघडलेलं पाहिलं. वर मलाच म्हणाले, तू बघ. मी म्हटलं, मी काय बघणार, मला त्यातलं काय कळतं, ज्याला कळतं तो ताम्पेऱ्यात बसलाय. आणि रायफल पिशवीत घालून त्यांना घरी आणलं. नाराज असतील असं वाटलं, पण गाडीत ते माझ्याकडे बघत होते, मूर्ख माणसाकडे बघतात तसे.

परीक्षा सत्तावीस तारखेला आहे. तेउवोचा जावई परवा हाउकिसुओला जाऊन ठिय्याची पाहणी करून आला. बसायला खुर्ची नेणार आहे म्हणे, घडीची. आर्वो, तू शिकलेला आहेस, रोज केसाच्या जाडीएवढी मापं घेतोस, आणि स्वतःच्या बापाचा डोळा तुला मापता आला नाही?

लोभ तूर्त तहकूब.

काइसू

•

ताम्पेरे,
१८ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तहकुबी मान्य.

तुझं पत्र आलं तशी मी बाबांची दोन्ही पत्रं पुन्हा काढली. माउंट मी त्यांच्या आकड्यांवरून निवडले, आणि ते आकडे बरोबर आहेत. फक्त ते बाबांचे नाहीत. बुटक्या कड्या म्हणजे लहान चेहरा. दुर्बीण मागे म्हणजे आखूड मान. मी त्यांना हे सगळं समजावून लिहिलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं की माझी भुवई फुटणार नाही. ते वाक्य मी वाचलं, पुढे गेलो, आणि कड्या पॅक केल्या. मापं घेणाऱ्या माणसानं असं वाचू नये.

नुसती चूक असती तर त्यांनी दांडा वाकवून घेतला नसता, ताई.

मी आणखी काही लिहीत नाही. रिकामी रायफल घे, नेहमीसारखी उभी राहा, गाल टेकव आणि एकदा बघ. फक्त एकदा. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझा,
आर्वो

•

कोर्पिवारा,
२२ ऑगस्ट

चि. आर्वो,

अ. उ. आ., मागचेही त्यात धर.

सकाळी पायरीवर उभी राहिले आणि गाल टेकवला. मान ताणली नाही, काही शोधलं नाही. समोर गोल भरून उजेड. कडेला काळी रेघसुद्धा नाही. संडासाच्या दाराच्या लाकडातली गाठ दिसली, गाठीवर बसलेला कोळी दिसला, त्याचे पाय दिसले. किती वेळ उभी होते कळलं नाही. पेनी येऊन माझ्या पायावर बसली तेव्हा भानावर आले.

बाबा मागे लाकडं फोडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. हात न थांबवता म्हणाले, आर्वोला वेळच लागला.

मग सांगितलं. मला जे माहीत नव्हतं ते असं: हिवाळ्यात इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं होतं. उजव्या डोळ्याचा मधला भाग चाललाय, डावाही त्याच वाटेवर आहे. कडेकडेचं दिसतं, जिथे बघायचं तेच दिसत नाही. त्याला चष्मा नाही, दुर्बीण नाही, औषध नाही. जूनमध्ये परीक्षेला गेले ते त्या बाई चुकल्या असतील तर बघावं म्हणून. बाई चुकल्या नव्हत्या. आणि मी इकडे तुला लिहीत बसले होते की खुंटा आणि खाच!

मी भांडले. तुला वाटलं असेल रडेन. आधी भांडले. मी चोपन्न वर्षांची आहे, मी मोठी रायफल कधी झाडलेली नाही, माझं काम कुत्रा आणि सूप, आणि पाच दिवसांत परीक्षा. त्यावर ते म्हणाले, सूप तेउवोचा जावई करील, त्याच्याकडे कपाटं आहेत. मी विचारलं, सरळ का नाही सांगितलंत. म्हणाले, सरळ विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि एकदा नाही म्हटलं की तू मागे येत नाहीस. ती खोड माझीच आहे, मला तिचा रस्ता माहीत आहे. पेनीमागून तू ते जंगल पायांनी वाचतेस, पुढे म्हणाले, ठिय्यावर तुझ्याएवढा हक्क कुणाचा नाही.

आणि तुम्ही, असं मी विचारलं. तेव्हा मात्र कुऱ्हाड ठेवली. म्हणाले, ठिय्यावर रायफल एक लागते. माणसं दोन बसली तर कुणी हरकत घेत नाही. माझे कान अजून आहेत. आणि मग म्हणाले, तुला चालत असेल तर.

आर्वो, या माणसानं मला आजवर चालेल का असं कशाला विचारलेलं नाही. मग मी लाकडांच्या खोपटात जाऊन रडले. पेनीला माहीत आहे आणि आता तुला.

आता रोज खाणीत जातो. खांदा जांभळा झालाय. बाबा पाठ करून बसतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात की बोट झटकलंस. माझी भुवई शाबूत आहे.

लोभ पुन्हा सुरू. पाठव तुझ्याकडचाही, लागेल.

ताई

•

कोर्पिवारा,
२८ ऑगस्ट

चि. आर्वो यास आशीर्वाद.

काल काइसूची परीक्षा झाली. पहिल्या खेपेला तीन आत, एक बाहेर. मी डब्यातला पाव दिला. दुसऱ्या खेपेला चार आत. चारही एका तळहातानं झाकता येतील एवढ्या जागेत.

तेउवो कागद घेऊन बघत राहिला. म्हणाला, दुर्बीण चांगली दिसते. मी म्हटलं, माउंट चांगले आहेत, माझ्या मुलानं निवडले.

त्याच्या जावयानं घडीची खुर्ची ठिय्यावरून परत नेली.

तुझं काम नीट झालं आहे.

नेस्तोरी

•

कोर्पिवारा,
२५ सप्टेंबर

चि. आर्वो,

अ. उ. आ., आणि सोबत यकृताचा तुकडा पाठवला असता, पण पोस्टाचे लोक आधीच मला घाबरतात.

काल पहिला दिवस. पेनीची दोरी तेउवोच्या जावयाकडे दिली. ती त्याला हुंगून तीनदा शिंकली आणि मग त्याला ओढत नेऊ लागली. दलदलीवर धुकं होतं. बाबा फांद्यांच्या गादीवर, मी त्यांच्या डाव्या हाताला बुंध्यावर. थर्मास मध्ये. आम्ही दोघं असे शेजारी शेजारी कधी बसलो होतो ते मला आठवेना. आईच्या अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये बसलो असू.

पेनी दूरवर भुंकायला लागली. मी उजवीकडे बघत होते, कारण सगळे मूस तिकडूनच येतात. बाबांनी माझ्या बाहीवर हात ठेवला आणि डावीकडे नुसता दाबला. मला काही ऐकू आलं नव्हतं. मग पाइनच्या बुंध्यांमधून तो आला. तरुण नर होता. पाण्यात पाय टाकताना आवाज न करणारा. मी गाल टेकवला. पुढचं तुला सांगायला वेळ लागेल, घडायला लागला नाही. तो चार पावलं गेला आणि शेवाळात बसल्यासारखा खाली गेला. मग उठला नाही. आनंद झाला का विचारशील तर तो लगेच झाला नाही. आधी एकदम सगळं शांत झालं.

बाबांनी रेडिओ घेतला. मूस पडलाय, हाउकिसुओची कड, असं कळवलं. तिकडून तेउवोनं विचारलं असावं की कुणी मारला. बाबा म्हणाले, हा ठिय्या कुणाचा आहे? काइसूनंच मारला.

मग रेडिओ ठेवला, टोपी काढली, आणि मला म्हणाले, आता सांग. मी विचारलं, काय सांगू. म्हणाले, सगळं. कुठून आला, डोकं कसं धरलं होतं, शिंगांना फाटे किती होते, पाणी कुठल्या पायानं ओलांडलं. मला फक्त एक काळोखा डाग हलताना दिसला.

ठिय्यावर अवाक्षर काढायचं नाही, हे मी चालायला लागल्यापासून त्यांच्याकडूनच शिकले. आणि आर्वो, मला शब्द कधी कमी पडले नाहीत, साऱ्या गावाला विचार. काल पडले. मग मी त्या पाइनच्या बुंध्यापासून सुरुवात केली. त्याच्या खांद्यावर ओल चमकत होती ते सांगितलं, एक कान फाटलेला होता ते सांगितलं, मधेच थांबून त्यानं हवा हुंगली आणि आमच्याकडे न बघता पुढे गेला, तेही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच अडवून विचारायचे की कुठला कान. मूस ओढून न्यायला ट्रॅक्टर यायला पुष्कळ उशीर झाला आणि दोघांपैकी कुणीही कुरकुर केली नाही.

थांबते. सौना तापलाय आणि बाबा अंगणातून हाक मारतायत. त्यांना ते पुन्हा ऐकायचं आहे, या वेळी सावकाश.

तुझी,
काइसू